बंद गिरण्यांच्या भागात उद्योग आणायचे, तर कामाचा क्रम कसा लावायचा

कापड गिरण्या बंद पडलेल्या भागात नवे उद्योग आणायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी हमखास निघतात: गुळगुळीत कागदावरची माहितीपुस्तिका आणि सवलतींची यादी. ही दोन्ही कामं शेवटाकडची आहेत. ती आधी उरकली की काय होतं? कंपनीचा माणूस येतो, पुस्तिका चाळतो, ‘ही जमीन आज नेमकी कोणाच्या नावावर आहे?’ एवढंच विचारतो, आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. तो माणूस पुन्हा फिरकत नाही.

कारखान्यासाठी जागा शोधणारी कंपनी यादी खोडत खोडत पुढे जाते. सुरुवातीला तिच्यासमोर बरीच ठिकाणं असतात. मालकी वादात आहे, खोडा. वीज कधी मिळेल ते कळत नाही, खोडा. मातीचा अहवाल नाही, खोडा. शेवटी उरलेल्या दोन-तीन ठिकाणीच ती स्वतः जाऊन बघते आणि सवलतींची बोलणी तिथे सुरू होतात. खाली दिलेला क्रम त्यासाठीच आहे. आपलं नाव खोडायला कारण उरू नये, एवढं साधायचं.

हा लेख नगरपालिका, विकास संस्था, उद्योजकांच्या संघटना आणि गिरणीच्या जागांचे आजचे मालक यांच्यासाठी लिहिला आहे. सुरुवात करण्याआधी एक करा: हे काम एका माणसाच्या गळ्यात घाला. समिती असू द्या, पण बाहेरून फोन आला तर उचलणारा आणि उत्तर देणारा माणूस एकच हवा.

१. मालकी, बोजे आणि जुनी देणी

गिरणी बंद पडली तरी तिची कागदपत्रं वाढतच जातात. कंपनी एकाच्या नावावर, जमीन भाडेपट्ट्याची, तिच्यावर बँकेचा बोजा, वर अवसायक (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी) नेमलेला, मागच्या शेडमध्ये गाळेवाले, बाजूच्या चाळीत राहती कुटुंबं. प्रत्येक भूखंडासाठी एक पान करा. त्यावर मालक, भाडेपट्ट्याची मुदत, गहाण, चालू खटले, कर आणि बिलांची थकबाकी, आजचा ताबा, जाण्यायेण्याच्या वाटेचा हक्क आणि जमिनीचा मंजूर वापर हे सगळं यायला हवं.

मग भूखंडांची तीन गटांत विभागणी करा: आज करार करता येईल असे, एक-दोन वर्षांत मोकळे होतील असे आणि कोर्टात अडकलेले. बाहेरच्या माणसाला फक्त पहिला गट दाखवायचा. तिसऱ्या गटातली जमीन मोठी आणि मोक्याची असते, म्हणून सगळ्यांचा जीव तिच्यावर असतो. मोह आवरा.

सावधान: कामगारांची थकलेली देणी ‘हा जुन्या मालकाचा प्रश्न’ म्हणून बाजूला सारू नका. नव्या कारखान्याच्या फाटकावर पहिल्याच दिवशी जुने कामगार फलक घेऊन उभे राहिले, तर त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू शकणार नाही. देणी किती, कोणाकडे आणि कशातून फिटणार, हे त्या पानावर लिहिलेलं असलं पाहिजे.

याच टप्प्यावर जमीनवापराचे नियम तपासा. जमीन विकण्यात कारखाना चालवण्यापेक्षा कितीतरी जास्त पैसा असेल, तर पुढचे नऊ टप्पे वाया जातील. मुंबईचं गिरणगाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळ तीन वाटे केले होते: मोकळ्या जागा, सार्वजनिक घरं आणि मालकाचा वाटा. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी आवारात आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्यानंतर तिथे मॉल, कार्यालयं आणि टॉवर उभे राहिले. रोजगार आला, पण साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या राहिलेल्या माणसाला पेलेल असा त्यात फारच थोडा होता. उद्योग हवा असेल, तर किमान काही जमीन फक्त उद्योगासाठी राखून ठेवा आणि तसं जाहीर करा.

२. इमारतींची मोजणी

‘आमच्याकडे लाखो चौरस फूट बांधकाम तयार आहे’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही. गिरणीची इमारत एका विशिष्ट कामासाठी बांधलेली असते आणि तिच्यात दुसरं कोणतं काम बसेल, हे टेप घेऊन आत गेल्याशिवाय कळत नाही.

कताईखात्याच्या इमारती सहसा अनेक मजली असतात. फरशी भक्कम असते, पण खांब जवळजवळ आणि छत आजच्या गोदामाच्या मानाने बुटकं. उंच मांडण्या लावून फोर्कलिफ्ट फिरवणाऱ्या कंपनीला ती जागा फुकट दिली तरी नको असते. विणाईखातं बहुतेकदा तळमजल्यावर, करवतीच्या दात्यांसारख्या छपराखाली असतं. उत्तर गोलार्धात त्या छपराची काच उत्तरेकडे ठेवत, म्हणजे ऊन थेट न येता दिवसभर सारखा उजेड पडायचा. यंत्रं सरळ जमिनीवर बसवायची असतील, तर ही शेड उपयोगी पडते. फक्त दात्यांमधल्या पन्हळी गळतात आणि गळती पहिल्या पावसापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रत्येक इमारतीत एवढ्या गोष्टी मोजा:

- तुळईच्या खालच्या कडेपर्यंतची उंची (छताची नव्हे)
- दोन खांबांमधलं अंतर, दोन्ही दिशांनी
- मजल्याला किती वजन पेलतं, संरचना अभियंत्याच्या लेखी अहवालासह
- मालाची लिफ्ट आणि सर्वांत रुंद दरवाजा
- ट्रक आत येऊन वळून बाहेर जाऊ शकतो का
- लाकडी फरशीत वर्षानुवर्षं मुरलेलं तेल, कारण अग्निशमनाची परवानगी तिथेच अडते

मोजणी झाली की प्रत्येक इमारतीपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: जशी आहे तशी वापरण्याजोगी, खर्च करून वापरण्याजोगी, पाडण्याजोगी. इथे दोन टोकाच्या चुका होतात. काही ठिकाणी आधी सगळं भुईसपाट करतात आणि रिकाम्या मैदानाला गिऱ्हाईक मिळत नाही. काही ठिकाणी प्रत्येक भिंत वारसा म्हणून धरून ठेवतात आणि ट्रक आत आणायलाही वाट उरत नाही.

जुन्या इमारतींचे लहान लहान गाळे करून ते भाड्याने देणं हा बऱ्याचदा सर्वांत शहाणपणाचा मार्ग ठरतो. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स इथला डीन क्लफ हा अवाढव्य गालिचा कारखाना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडला. १९८३ मध्ये अर्नेस्ट हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो घेतला आणि एका बड्या कंपनीची वाट न बघता लहान लहान व्यवसायांना जागा देत तो भरत नेला. जवळच्या सॉल्टेअरमधली सॉल्ट्स मिल १९८७ मध्ये जोनाथन सिल्व्हर यांनी विकत घेतली. त्यांनी तिथे चित्रदालन थाटलं आणि त्याच आवारात पेस ही दूरदर्शन संचासाठीची उपकरणं बनवणारी कंपनीही आली. लोक दालनाबद्दलच बोलतात. नोकऱ्या मोजायच्या झाल्या, तर शेजारच्या कारखान्याकडेही बघावं लागतं.

पुढे जाण्याआधी तपासा: अनोळखी अभियंत्याला तुमचा तक्ता दिला, तर जागेवर न येता ‘माझं यंत्र इथे बसेल’ किंवा ‘बसणार नाही’ असं तो सांगू शकतो का? नसेल, तर मोजणी अपुरी आहे.

३. मातीत काय मुरलंय

सर्वांत जास्त टाळलं जाणारं काम हेच. ‘तपासलं तर काहीतरी निघेल’ ही भीती त्यामागे असते. ते निघणारच. तुम्ही शोधलं नाही, तर कंपनीचा सल्लागार शोधेल आणि तेव्हा किंमत तो ठरवेल.

गिरणीत कुठे काय सापडतं, हे बऱ्यापैकी ठरलेलं असतं. रंगाईखाते आणि त्याच्या नाल्याजवळ क्रोमियमसारखे जड धातू. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या खाली पीसीबी हे विषारी रसायन असलेलं तेल. बॉयलर आणि वाफेच्या नळांवरच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस. जुन्या रंगात शिसं. जमिनीखालच्या टाक्यांभोवती इंधनतेल. जिथे कापड धुवायला क्लोरीनयुक्त द्रावकं वापरत, तिथे ती भूजलात. हे शेवटचं प्रकरण सर्वांत महागडं, कारण माती उचलून नेता येते, पण पाणी स्वस्थ बसत नाही. ते शेजाऱ्याच्या हद्दीत जातं.

तपासणी दोन टप्प्यांत करा. आधी कागद आणि पाहणी: जुने नकाशे, परवाने, कोणतं खातं कुठे होतं. इथे जुने कामगार सोन्याच्या मोलाचे. टाकी कुठे पुरली आणि रंगाचं पाणी रात्री कुठे सोडायचे, हे नकाशात नसतं, त्यांना ठाऊक असतं. त्यांच्यासोबत आवारात एक फेरी मारा आणि ते सांगतील ती ठिकाणं नकाशावर खुणावून घ्या. मग दुसऱ्या टप्प्यात नेमक्या त्या जागी माती आणि पाण्याचे नमुने घ्या. हा क्रम उलटा केला, तर नमुने भलत्याच जागी घेतले जातात आणि पैसा फुकट जातो.

किती स्वच्छ करायचं, हे पुढच्या वापरावर ठरतं. घरं किंवा शाळा येणार असेल तर मर्यादा कडक, कारखान्याचं काँक्रीट येणार असेल तर त्या मानाने सैल. म्हणून ‘सगळं पूर्ण स्वच्छ करून मगच बोलू’ असा हट्ट धरू नका. अहवाल, अंदाजे खर्च आणि खर्च कोण करणार, ही तीन पानं हातात असली की बोलणी करता येतात.

सावधान: पाडकाम आधी आणि ॲस्बेस्टॉसची तपासणी नंतर असं कधीही करू नका. एकदा ते ढिगाऱ्यात मिसळलं की सगळा ढिगाराच घातक कचरा होऊन बसतो.

४. वीज, पाणी, सांडपाणी, रस्ता

‘इथे गिरणी चालायची, म्हणजे वीज असणारच’ हा समज सोडून द्या. अनेक गिरण्या स्वतःच्या बॉयलरवर चालल्या. ज्यांची जोडणी बाहेरून होती, त्यांचा मंजूर भार बंद पडल्यानंतर बहुधा दुसऱ्या कोणाला गेला असतो. वीज कंपनीकडून लेखी घ्या: आज किती भार मिळेल, वाढवून किती मिळेल, किती महिन्यांत आणि कोणाच्या खर्चाने. ‘उपलब्ध आहे’ असं तोंडी उत्तर मिळालं, तर ते उत्तर मिळालंच नाही असं समजा.

पाण्याचंही तसंच. रंगाईला भरपूर पाणी लागायचं, त्यामुळे उपशाचा जुना हक्क असू शकतो. तो अजून जिवंत आहे का, बघा. अन्नप्रक्रिया किंवा पेयं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी हा हक्क आणि सांडपाणी शुद्धीकरणाची शिल्लक क्षमता या दोनच गोष्टी निर्णायक ठरू शकतात. रस्त्याबाबत एकच करा: सर्वांत लांब ट्रक घेऊन महामार्गापासून फाटकापर्यंत या. गिरण्यांच्या भागात गल्ल्या अरुंद आणि कमानी बुटक्या असतात.

५. माणसं: आठवणीवर नको, मोजून सांगा

‘आमच्याकडे कुशल कामगारांची परंपरा आहे.’ गिरणी बंद पडून वीस वर्षं झाली असतील, तर ते कुशल कामगार आज साठीपुढचे आहेत. त्यांची मुलं वेगळ्या कामांत आहेत किंवा गाव सोडून गेली आहेत. कंपनीला परंपरा नको असते. तासाभराच्या अंतरात कामाच्या वयाची किती माणसं आहेत, किती शिकली आहेत, आज काय कमावतात आणि रात्रपाळीला येतील का, हे तिला हवं असतं.

गिरणी नुकतीच बंद पडली असेल, तर मोजणी लगेच करा, माणसं पांगायच्या आत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कनापोलिस गावात पिलोटेक्स कंपनी २००३च्या जुलैमध्ये बंद पडली आणि ४००० हून अधिक लोकांचं काम एकदम गेलं. त्यांतल्या बऱ्याच जणांचं शालेय शिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं. थेट तांत्रिक अभ्यासक्रमात बसवता येण्याआधी स्थानिक महाविद्यालयाला त्यांच्या वाचन-गणितापासून सुरुवात करावी लागली. तुमच्या प्रशिक्षणाच्या वेळापत्रकात या पायरीसाठी महिने धरलेले आहेत का, पाहा. सहसा नसतात.

कौशल्यांची नोंद पदनामाने करू नका. ‘फिटर’ किंवा ‘वाइंडिंगमध्ये’ एवढ्याने बाहेरच्याला काही कळत नाही. तो माणूस काय करू शकतो ते लिहा: मोटर उघडून जोडतो, आवाजावरून बेअरिंगचा बिघाड ओळखतो, एकाच वेळी अनेक यंत्रांवर नजर ठेवतो, वाफेच्या दाबाखाली काम केलंय. ही यादी वाचून प्लास्टिक, पॅकेजिंग किंवा औषधांच्या कारखान्याचा व्यवस्थापक मान डोलावेल.

प्रशिक्षणाची संस्था आधी आणि कंपनी नंतर असा क्रम असावा. साउथ कॅरोलायना राज्याने १९६१ पासून तांत्रिक महाविद्यालयांची व्यवस्था उभी केली. येणाऱ्या कंपनीसाठी तिच्या गरजेप्रमाणे माणसं तयार करून द्यायची, हाच तिचा हेतू होता. बीएमडब्ल्यूने त्याच राज्यातल्या स्पार्टनबर्ग या जुन्या कापड पट्ट्यात येण्याचं १९९२ मध्ये जाहीर केलं. मधे तीन दशकं गेली होती.

६. आधी घरातल्यांना विचारा

हा टप्पा छोटा आहे आणि जवळपास सगळेच तो गाळतात. भागात आज जे लहान-मोठे कारखाने तग धरून आहेत, त्या प्रत्येकाकडे जा आणि तीनच प्रश्न विचारा: वाढायला काय आड येतं? जायचा विचार आहे का? तुमचा कच्चा माल किंवा सुटे भाग बाहेरून कोणाकडून येतात? तिसऱ्या उत्तरातून बोलवायच्या कंपन्यांची पहिली यादी तयार होते. शिवाय बाहेरची कंपनी येते तेव्हा ती गुपचूप याच लोकांना फोन करून ‘इथे कसं आहे?’ असं विचारते. ते काय सांगतील, याची कल्पना तुम्हाला आधीच असलेली बरी.

७. कोणाला बोलवायचं

आता, म्हणजे सातव्या टप्प्यावर, लक्ष्य ठरवा. ‘कोणीही या’ म्हणणाऱ्याकडे कोणी येत नाही. आणि देशोदेशीच्या बंद गिरण्यांच्या गावांनी एकाच वेळी चिप कारखान्यामागे धावण्यातही अर्थ नाही. दुसऱ्या ते पाचव्या टप्प्यातले तक्ते समोर ठेवा आणि त्यांत बसणारे तीन-चार उद्योगप्रकार निवडा.

जुन्या धंद्याच्या शेजारचे धंदे आधी तपासा. स्पार्टनबर्गची गोष्ट बीएमडब्ल्यूपासून सुरू झालेली नाही. १९६०च्या दशकात तिथल्या गिरण्यांना यंत्रं पुरवणाऱ्या जर्मन आणि स्विस कंपन्यांना ‘इथेच दुकान मांडा’ असं पटवण्यात आलं. स्थानिक व्यापार मंडळाचे रिचर्ड टकी यांचं नाव त्यात घेतलं जातं. युरोपीय कंपन्यांना त्या गावाची सवय तेव्हापासून लागली. तुमच्या गिरण्यांना साचे, रंग, बाबिनी, पट्टे कोण पुरवत होतं? वैद्यकीय पट्ट्या, गाळणीचं कापड, गाड्यांच्या आतली आवरणं या तांत्रिक वस्त्रांच्या धंद्याला तुमची शेड चालेल का? तिथून सुरुवात करा.

रोजगार देणारा म्हणजे कारखानदारच, असंही धरू नका. स्वीडनमधल्या नॉर्शोपिंग या कापडाच्या शहरात १९७५ मध्ये राष्ट्रीय हवामान संस्था हलवण्यात आली, इतर सरकारी खातीही गेली आणि १९९७ मध्ये जुन्या कारखान्यांच्या परिसरात विद्यापीठाचा परिसर सुरू झाला. सरकारी कार्यालय सवलत मागत नाही आणि मंदीत पळत नाही.

८. विचारणा येते तेव्हा

पहिली विचारणा बहुधा सल्लागारामार्फत येते. कंपनीचं नाव लपवलेलं असतं आणि उत्तराला मुदत काही दिवसांचीच असते. एवढ्या वेळात गोळा होणारी माहिती नसतेच, आधीच तयार असलेली फक्त पाठवता येते. आधीच्या टप्प्यांतली पानं एकत्र करून प्रत्येक भूखंडाची दोन पानी माहिती बनवा आणि दर तीन महिन्यांनी ताजी करा.

जे नाही ते ‘नाही’ म्हणून लिहा, आणि कधी होईल तेही. रकाना रिकामा सोडला की समोरचा वाईटच धरतो.

भेटीच्या दिवशी भाषणं आणि हारतुरे टाळा. पाहुण्यांसोबत वीज, पाणी, परवाने आणि प्रशिक्षण यांची उत्तरं देऊ शकणारी चार माणसं असली की पुरे. गुप्तता पाळा. भेटीची बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली, तर ती कंपनी तुमच्याकडे परत येणार नाही.

९. सवलती आणि करार

सवलत दोन जवळपास सारख्या जागांमध्ये पारडं झुकवते. वाईट जागा चांगली करत नाही. म्हणून शक्यतो अशा गोष्टींवर खर्च करा, ज्या कंपनी गेली तरी मागे राहतात: रस्ता, सबस्टेशन, प्रशिक्षणाची कार्यशाळा, स्वच्छ केलेली जमीन. रोख अनुदान आणि करमाफी शेवटी.

करारात एवढं हवंच:

- किती पूर्णवेळ नोकऱ्या, किती पगाराच्या, कोणत्या तारखेपर्यंत
- पैसे टप्प्याटप्प्याने, आधीचा टप्पा पडताळल्यावरच
- किती वर्षं टिकायचं. युरोपीय संघाच्या प्रादेशिक मदतीच्या नियमांत ही अट मोठ्या कंपन्यांना ५ आणि लहान-मध्यम उद्योगांना ३ वर्षांची आहे
- शब्द मोडला तर मदत परत कशी वसूल होईल
- कारखाना विकला, तर घेणाऱ्यावरही त्याच अटी

शेवटची अट कागदावर किरकोळ दिसते. पोलंडमधल्या वूच या जुन्या कापडनगरीत डेलचा संगणक कारखाना २००८च्या सुरुवातीला उघडला आणि २००९ संपता संपता तो फॉक्सकॉनला विकण्याचं ठरलं. गावाने बोलणी एकाशी केली होती, पुढची वर्षं काढायची होती दुसऱ्याबरोबर.

सावधान: सगळी अंडी एका टोपलीत नकोत. अमेरिकेतल्या लोवेलमध्ये गिरण्या गेल्यावर वँग लॅबोरेटरीज ही संगणक कंपनी आली आणि गाव तिच्याभोवती पुन्हा उभं राहिलं. १९९२ मध्ये वँगने दिवाळखोरी जाहीर केली. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून बांधलेले तिचे मनोरे १९९४ मध्ये लिलावात ५ लाख २५ हजार डॉलरला गेले. गिरणीवर पोसलेल्या गावाने एकदा सोसलेलं दुखणं पुन्हा विकत घेऊ नये. शंभर-दीडशे नोकऱ्यांचे पाच कारखाने बातमीत मोठे दिसत नाहीत, मी मात्र तेच मागेन.

१०. फाटक उघडल्यानंतर

फीत कापली की समिती पांगते. पहिल्या वर्षी दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी कारखान्याच्या व्यवस्थापकाला भेटा, आणि त्याच एका माणसाने भेटा, ज्याच्या गळ्यात हे काम सुरुवातीला घातलं होतं. वीज जाते का, माणसं टिकतात का, कच्चा माल काय भावाने पडतो, मुख्यालय या कारखान्याबद्दल काय बोलतं. अमेरिकेतल्या डॅनव्हिल या गिरण्यांच्या गावाजवळ २००८ मध्ये आलेला आयकेआचा फर्निचर कारखाना २०१९ मध्ये बंद झाला. कंपनीने कारण दिलं ते युरोपच्या तुलनेत महाग पडणाऱ्या कच्च्या मालाचं. असा प्रश्न एका रात्रीत उभा राहत नाही.

भेटीत ऐकलेलं त्याच दिवशी त्या भूखंडाच्या पानावर लिहा. कारखाना वाढणार असेल तर शेजारचा भूखंड राखून ठेवा, आणि जाणार असेल तर मोजणीचा तक्ता पुन्हा काढा. या वेळी इमारत नवी असेल, उंची पुरेशी असेल आणि वीज आधीच पोहोचलेली असेल.